स्थळांचेही परिग्रह-परिमाण



गेल्या महिन्यात माझ्या भाचीने मोबाईल माझ्यापुढे ठेवला. "मामा, यात दोनशे स्थळे आहेत, पण यांपैकी एकाशीही मी बोललेली नाही." ती ३१ वर्षांची, सनदी लेखापाल. विवाह जुळविणाऱ्या त्या ॲपचे शुल्क मीच भरले होते आणि वर्षभर तिच्या नावे होकार-नकारही मीच कळवीत होतो. मी निरुत्तर झालो.

कर्जाचा प्रस्ताव आला की उत्पन्न कोठून येते, हे आम्ही बँकेत प्रथम पाहत असू. तोच प्रश्न येथे विचारावा. अशी ॲप प्रामुख्याने सभासदांच्या वर्गणीवर व जाहिरातींवर चालतात. जोडी जमली की दोन ग्राहक एकदमच कमी होतात. मग शोध लवकर संपावा, अशी इच्छा त्यांनी का धरावी?

टिंडर हे ॲप २०१२ मध्ये आले आणि छायाचित्र बोटाने डावी-उजवीकडे सरकवून क्षणात निवड करण्याची रीत रूढ झाली. हिंज या अमेरिकी ॲपने २०१६ मध्ये ती रीत सोडली. तेथे सभासद काही प्रश्नांची उत्तरे लिहितो आणि त्यांतील एखाद्या उत्तरावरून संवाद सुरू करता येतो. विनाशुल्क सभासदाला रोज मोजक्याच पसंती कळविता येतात. मात्र पैसे भरले की ही मर्यादा उठते. म्हणजे संयम गरिबाला, सूट धनिकाला!

श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. आपण स्वतः घातलेली मर्यादा पैशाने उठत नाही. समाजातर्फे ॲप काढण्याचा विचार अनेक ठिकाणी चालू आहे. त्यांच्यासाठी माझा आराखडा असा: एका वेळी पाचच स्थळे दिसावीत. एकाला स्पष्ट उत्तर दिल्याशिवाय सहावे दिसू नये. नकारही सात दिवसांत, सौजन्याने कळवावा. शुल्क एकदाच घ्यावे, दरमहा नव्हे. बायोडेटात उंची, उत्पन्न व फ्लॅट यांखेरीज काही प्रश्न असावेत. दुकान रात्री उशिरा बंद होते, तर चोविहार कसा सांभाळाल? धंद्यात खोट आली तेव्हा घरात कोणाला सांगितले? पत्नीची नोकरी दुसऱ्या गावी असेल तर काय कराल? अशा उत्तरांतून माणूस कळतो. बोलण्यास विषयही मिळतो.

हा आराखडा भाचीला दाखविला. तिने शांतपणे वाचून एकच कलम वाढविले: "खाते मुला-मुलीच्याच हाती असावे. वडीलधाऱ्यांनी पाहावे, सुचवावे. उत्तर मात्र आम्ही द्यावे."

ते कलम मी पहिल्या क्रमांकावर घेतले आहे. तिच्या खात्याचा पासवर्डही त्याच दिवशी तिच्या स्वाधीन केला.