बेंजोची जात कोणती?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कपाटातून एक जुना इलेक्ट्रिक बेंजो बाहेर निघाला. एके काळी आजोबांच्या गायन पार्टीत तो वाजत असे. १४ एप्रिल आली की ही मंडळी सेलू, देवळी, पुलगावपर्यंत जात आणि वामनदादा कर्डकांची गाणी रात्र रात्र गात. आता त्याच्या तारा गंजल्या होत्या, चार-पाच बटणे दाबली की वर येत नव्हती, आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर नुसती घरघर! मी तो भंगारात द्यायला निघालो, तेव्हा आजोबा म्हणाले, "मेला नाही तो, बाप्पा. निरा मुका झाला."

वर्ध्याला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे मी चार दिवस बसलो. बेंजोच्या पोटात लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार थरथरली की तीत विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. ही बारीक तारच एका टोकाला तुटली होती. काकांनी तिला डाग दिला, अर्थिंगची सुटलेली तार जोडली, तशी घरघर थांबली. बटणांच्या स्प्रिंगा मी बदलल्या, नव्या तारा चढवल्या. आजोबांनी 'सा' लावला आणि बऱ्याच वर्षांनी डोळे मिटून वाजवले.

हा बेंजो घेऊन मी स्नेहसंमेलनाच्या वाद्यवादन स्पर्धेत नाव द्यायला गेलो. उत्तर मिळाले, "बेंजो? ते वरातीतले वाद्य. यादीत नाही."

मित्रहो, या उत्तराचा आपण विचार करू या. वरातीत वाजते म्हणून वाद्य हलके ठरत असेल, तर सनई कुठे वाजत होती? लग्नाच्या मांडवातच ना? तीच सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांनी मैफलीत नेली आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. बेंजो परका म्हणावा, तर पेटी कुठली? तीही युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ साली सैल झाली. आज पेटीवाचून आपली स्पर्धा भरत नाही! आपला बेंजो अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बॅंजोचा केवळ नामबंधू आहे. त्याचे मूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारखी बटणे असलेले तंतुवाद्य तयार केले, त्याच्या कुळातला हा.

बेंजोवर मींड सहजी निघत नाही, हे मला मान्य आहे. पण ती पेटीवरही निघत नाही. मग उरते काय? हे वाद्य कोणाच्या हातात असते, एवढेच उरते. मजुरी करून आलेल्या, स्वरलिपी न शिकलेल्या माणसाच्या हाती हे वाद्य लवकर बसले. त्याने त्यावर आपले दुःख आणि आपला स्वाभिमान वाजवला. याद्या करणाऱ्यांना वाद्याची नव्हे, वाजवणाऱ्याची पायरी दिसते, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

ज्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला, तिथल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी हाताला कमी लेखू नये. माझी मागणी लहान आहे. पुढील वर्षीच्या यादीत 'बेंजो' हा एक शब्द वाढवावा. परीक्षकांनी सूर-ताल पाहून खुशाल शून्य गुण द्यावेत. पण आधी ऐकावे.

चार दिवसांत एका वाद्याचा मुकेपणा गेला. आपला बहिरेपणा जायला किती दिवस लागतील?