देवाची मूठ
मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा वारसा मला इमारतींपेक्षा चुलीपाशी अधिक दिसतो. 1894 साली ऐझॉलला आलेल्या मिशनऱ्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, मागाहून वेल्श मिशनने शाळा काढल्या. ते मोठं काम आहेच. पण 1910 पासून तिथल्या बायका भात रांधायला घेताना मूठभर तांदूळ देवाच्या नावाने बाजूला काढत आल्या आहेत. याला म्हणतात ‘बुहफाई थाम’. मंडळीतल्याच बायका घरोघरी जाऊन तो गोळा करतात, विकतात आणि त्या पैशांवर चर्चची कामं चालतात. हाती रोकड नसलेल्या घरालाही इथे दाता होता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आज ऐझॉलमध्ये पगारदार घरं पुष्कळ आहेत, तरी ही रीत सुटलेली नाही.