बंब मोडीत घालण्याआधी

जुना वाडा पाडायचं ठरलं, की माळ्यावरचं सामान खाली येतं आणि सगळ्यात मोठा प्रश्न पडतो तो तांब्याच्या बंबाचा. फ्लॅटमध्ये गीझर आहे, मग हे धूड ठेवायचं कुठे? मोडवाला येतो, काटा लावतो आणि किलोच्या भावानं बंब घेऊन जातो. पुढे तोच बंब लखलखीत होऊन एखाद्या हॉटेलच्या दारात उभा दिसतो!

विलायतेतही असंच घडलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ मध्ये, तिथे दिवाणखान्यात कोळशाची शेकोटी पेटायची. तिच्यापुढे पितळी कठडा, बाजूला कोळशाची बादली, चिमटा, छोटं फावडं आणि निखारे हलवायची सळई. १९५२ साली लंडनवर धुराचं जीवघेणं धुकं पसरलं, १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला आणि हळूहळू शेकोट्या विझल्या. आता तोच सरंजाम हौशी लोक शोधून शोधून विकत घेतात. सुट्या चिमट्यापेक्षा पूर्ण संचाला मोल जास्त.

आपला बंब, शेगडी, फुंकणी, घंगाळ ही त्याच कुळातली. पहाटे उठून धुरात डोळे चोळत बंब पेटवणाऱ्या बायकांना त्याचं कौतुक वाटलं नसेल, आणि ते साहजिकच आहे. पण धूर गेल्यावर वस्तूची घडण दिसू लागते. ती ओळखणारा माणूस पुण्यातच होऊन गेला. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. त्यांना पत्नी कमलाबाईंची साथ होती. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभं राहिलेलं हे संग्रहालय शुक्रवार पेठेत आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन याच.

बंब विकायचाच असेल, तर आधी एवढं पाहा:

झाकण, मधली नळी, खालची जाळी, तोटी सगळं जागेवर आहे ना? सुटे भाग वेगळे विकू नका.

अंगावर हातोडीच्या ठोक्यांची ओळीनं उठलेली नक्षी आहे का? तिला मठारकाम म्हणतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीची ही खासियत. डागडुजी हवी असली, तर तिथल्या जाणत्या कारागिराला दाखवा.

कुठे नाव, साल कोरलंय का? सासूबाईंच्या आईचं नाव असेल, तर ते घासून काढू नका. वस्तूचं वय सांगणारा तोच पुरावा.

अ‍ॅसिडनं किंवा मशीननं चकचकीत करून घेऊ नका. जुन्या तांब्याचा मुरलेला रंग जाणकारांना प्रिय असतो. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरे.

घरातच ठेवणार असाल, तर कुंडी करण्यासाठी त्याला भोकं पाडू नका. पेटवायची हौस आली, तर उघड्या अंगणातच. बंद न्हाणीघरात कोळशाचा विषारी वायू साठतो आणि जिवावर बेततो. पाणी भरल्याशिवाय तर कधीच पेटवू नका, सांधे निसटतात.

लेकीकडे परदेशी न्यायचा विचार असेल, तर कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असली, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी दाखवून घ्या.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बंबाविषयी विचारून दोन ओळी वहीत लिहून ठेवा: कुणी घेतला, कुणाच्या लग्नात आला, पहाटे कोण पेटवायचं. काट्यावर तांब्याचं वजन होतं, त्या बाईच्या कष्टांचं होत नाही.