सायकलवरून किल्लारी

कचेरीला सुट्टी असली की आम्ही सायकल काढतो. गावात मोटारसायकली घरोघर झाल्या आहेत. चाळिशीतला कारकून पायडल मारीत निघाला की पोरे हसतात. हसोत बापडी! सायकलवरून जाताना ओट्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात.

आजची किल्लारी सायकलला सोयीची आहे. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात वळणारे. जुन्या गावात बोळ इतके अरुंद की समोरून बैल आला तर सायकल भिंतीला टेकवून उभे राहावे लागे. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन फूट रुंद. वर लाकडावर पेललेले मातीचे माळवद. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हेच सारे निजलेल्या माणसांच्या अंगावर आले. आदल्या रात्रीच गणपतींचे विसर्जन झाले होते. लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली.

आम्ही तेव्हा शाळकरी होतो. आमच्या वस्तीत बहुतेक घरे कुडाची, वर पत्रा नाहीतर छप्पर. ती हलली, कलली, पण आतली माणसे बाहेर आली. माळवदाचे घर बांधायची वडिलांची हौस पैशाअभावी राहून गेली होती. त्या हौसेबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढे जागतिक बँकेचे कर्ज आले आणि 52 गावे नव्या जागी वसली. कोणाचे घर किती मोठे, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. सायकल एका रांगेतून दुसऱ्या रांगेत वळली की हा हिशेब डोळ्यांना दिसतो. पक्के घर मिळाले, हे मोलाचेच. परंतु आम्ही बी.कॉम. झालेले, म्हणून एक शंका येते. घरात राहायची माणसे. मग मोजली जमीन का? आज त्या 250 फुटांत दोन-दोन लेकांचे संसार आहेत.

अशाच एका घरापुढे पत्र्याची खोपट दिसली. आत बाजेवर एक म्हातारी बसलेली.

"आजी, पक्कं घर सोडून इथं?"

"आत सामान निजतंय, लेकरा. मला स्लॅबखाली डोळा लागत न्हाई."

तीस वर्षे उलटून गेली तरी!

तिथून आम्ही जुन्या गावठाणाकडे वळलो. स्मृतिस्तंभापाशी दर 30 सप्टेंबरला श्रद्धांजलीला गर्दी होते. एरवी तिथे शेळ्या चरतात. बाभळीच्या बुडाशी एक दगडी उखळ दिसले. तोंडाशी घासून गुळगुळीत झालेले, आत पावसाचे पाणी. कोणाच्या घरचे, ते काही केल्या आठवेना. सायकली लोळवून दोन पोरे तिथेच बसली होती. "काका, इथं काय होतं?"

आम्ही सांगू लागलो. हा पार, ही पिठाची गिरणी, इथे तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. एक पोरगा काडीने मातीत नकाशा काढू लागला. त्याच्या साऱ्या गल्ल्या सरळच निघत होत्या.

"वाकडी काढ," आम्ही म्हटले, "अजून वाकडी."