सही बाकी आहे

क्रिकेटच्या वेड्याला सामना नसला की करमत नाही. फुटबॉलच्या वेड्याचे तसे नसते. युरोपातल्या मैदानांवरचे सामने मे महिन्यात संपतात आणि ह्याचा खरा हंगाम तिथून पुढे सुरू होतो. कोणता खेळाडू कोणता क्लब सोडणार, कोणाकडे जाणार, किती कोटींना जाणार, आणि मुख्य म्हणजे अजून का जात नाही, ही चर्चा ऑगस्ट सरेपर्यंत अखंड चालते. माझा कॉलेजात जाणारा भाचा आणि त्याचे दोन मित्र ह्या चर्चेला बसले, की पलीकडच्या खोलीत कुणाचे तरी लग्न ठरते आहे असा भास होतो. "मुलगा तयार आहे रे, त्याच्याकडचेच अडून बसलेत." "देण्याघेण्याचं जमलंय म्हणतात." "डॉक्टरी तपासणी झाली, आता फक्त सही बाकी!" ही सही मग पंधरापंधरा दिवस बाकीच राहते.

"इतका उशीर का लागतो रे?" मी एकदा विचारले.

"मावशी, दुकानातून वस्तू उचलून आणण्यासारखं नाही ते," असे म्हणून त्याने मला तासभर शिकवणी दिली. आधी दोन क्लबांत किमतीवरून घासाघीस. मग हप्ते किती, आणि पुढेमागे हा खेळाडू पुन्हा विकला तर त्यात जुन्या क्लबाचा वाटा किती. मग खेळाडूचा पगार. मग त्याच्या दलालाची दलाली. गाडे पुष्कळदा इथेच रुतते. शिवाय बदली माणूस हाती आल्याखेरीज क्लब आपला माणूस सोडत नाही, आणि त्या बदली माणसाचा क्लबही तेच म्हणतो. चाळीत वरचे बिऱ्हाड हलल्याशिवाय खालच्याला वर जाता येत नाही, तशातला प्रकार. एवढे निभावले आणि व्यवहार दोन देशांमधला असला, तर दोन्ही क्लबांनी आपापल्या जागी बसून फिफाच्या संगणकावर सारा तपशील भरायचा आणि तो एकमेकांशी तंतोतंत जुळायचा. २०१० पासून ही सक्तीच आहे.

अशा कारभारात गमती व्हायच्याच. ३१ जानेवारी २०१३ रोजी वेस्ट ब्रॉमविच क्लबाचा पीटर ओडेमविंगी गाडी घेऊन लंडनला क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानाशी येऊन थडकला. दोन क्लबांचे जमलेच नव्हते! सुपारी फुटण्याआधी नवरदेव मांडवाच्या दारात. गाडीत बसल्याबसल्या वार्ताहरांशी दोन शब्द बोलून त्याला आल्या पावली परतावे लागले. ३१ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड द हेआ रेआल माद्रिदला जायचा होता. स्पेनमध्ये मध्यरात्री मुदत संपली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झाले होते. कागद वेळेवर पोचले नाहीत. पुढे कित्येक दिवस दोन्ही क्लब एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. द हेआचे काही बिघडले नाही. दोन आठवड्यांच्या आत त्याने आपल्या जुन्याच क्लबाशी चार वर्षांचा नवा करार केला. मोठ्या खेळाडूचे असे निभावून जाते.

आद्रिएन सिल्वाचे निभावले नाही. २०१७ च्या ऑगस्टअखेर लेस्टरने आपला डॅनी ड्रिंकवॉटर चेल्सीला दिला आणि त्याच्या जागी लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाकडून सिल्वाला घेतले. त्याचे कागद फिफाकडे मुदतीनंतर चौदा सेकंदांनी पोचले. चौदा सेकंद! वर्गात हजेरी घेताना आम्ही ह्याहून अधिक सूट देतो. फिफाने दिली नाही. लिस्बन सुटलेले आणि लेस्टरकडून खेळता येत नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत त्या गृहस्थाचे चार महिने गेले. सराव करायचा, सामन्यात उतरायचे नाही. २०१८ चा जानेवारी उजाडला तेव्हा कुठे त्याला मैदान मिळाले. उशीर ज्यांनी केला त्यांना पगाराच्या तारखेची चिंता नसते. आमच्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण मंडळी दरवर्षी नेमणुकीच्या पत्राकडे डोळे लावून बसतात, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

भाषा शिकवण्याचा धंदा असल्यामुळे माझे लक्ष पोरांच्या क्रियापदांकडे जाते. विकला, घेतला, उसना दिला, काढून टाकला. बैलबाजारातसुद्धा ह्याहून वेगळी क्रियापदे नाहीत. त्यातच मध्ये एक शब्द आला. "तो बोसमनवर येतोय." म्हणजे फुकट येतो आहे. बोसमन ही एखादी सरकारी सवलत असावी अशी पोरांची समजूत होती.

बोसमन हा माणूस आहे. झाँ-मार्क बोसमन, बेल्जियमच्या लिएज क्लबाचा खेळाडू. १९९० मध्ये त्याचा करार संपला आणि क्लबाने नवा करार पुढे केला तो पाऊण पगार कापून. बोसमनने नकार दिला आणि फ्रान्समधल्या डंकर्क क्लबाशी ठरवले. करार संपलेल्या माणसासाठीही जुन्या क्लबाला पैसे मोजावे लागत, असा तेव्हा नियम होता. डंकर्क पैसे देऊ शकेल की नाही, अशी शंका लिएजला आली, आणि त्यांनी खेळाडूला मोकळे करणारा दाखला मागवलाच नाही. दाखला २ ऑगस्टपर्यंत फ्रान्समध्ये पोचायला हवा होता. तो पोचला नाही, आणि व्यवहार आपोआप मोडला. शिवाय लिएजने त्याला निलंबित केले, म्हणजे तो हंगामही बुडाला.

ह्या एका न निघालेल्या कागदासाठी तो पाच वर्षे कोर्टात भांडला. १५ डिसेंबर १९९५ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबात जाताना जुन्या क्लबाला पैसे मागता येणार नाहीत. आज करार संपताच आपल्या मर्जीने क्लब बदलणारे आणि वाचलेल्या किमतीतला मोठा हिस्सा स्वतःच्या पगारात घेणारे खेळाडू ह्या निकालाचे धनी आहेत.

बोसमन तेव्हा एकतीस वर्षांचा होता. खेळायचे दिवस सरत आले होते. पुढे नैराश्य आणि दारू ह्यांच्याशी झगडावे लागल्याचे त्यानेच मुलाखतींत सांगितले आहे. डंकर्ककडून तो कधीच खेळला नाही.