कचऱ्याचा परिव्यय कोणाच्या देहावर?

एप्रिल २०१७ मध्ये पुण्याजवळच्या उरुळी देवाची येथील कचरा डेपोला आग लागली आणि संतप्त ग्रामस्थांनी महापालिकेच्या गाड्या अडविल्या. शहरात ढीग साचू लागताच रोगराईची हाकाटी सुरू झाली. परंतु ज्या गावांच्या विहिरी कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याने नासल्या, ज्यांनी वर्षानुवर्षे धूर व दुर्गंधी सोसली, त्यांच्या आरोग्याची चिंता तोवर किती नागरिकांनी वाहिली होती?

कचरा दूर नेणे म्हणजे तो नाहीसा करणे नव्हे. ओला व सुका कचरा एकाच ढिगात पडला की तो हवेअभावी कुजून मिथेन वायू निर्माण होतो. ढीग पेटला की जळत्या प्लास्टिकच्या धुरातून विषारी द्रव्ये माणसाच्या श्वासात शिरतात. तोच कचरा घरात वेगळा ठेवला तर ओल्याचे खत होते आणि कागद, काच, पत्रा पुन्हा कारखान्याकडे जातो. म्हणूनच वर्गीकरण व पुनर्वापर हा केवळ टापटिपीचा नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

पुण्यात हे काम मुख्यतः कचरावेचक करीत आले. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या श्रमामुळे महापालिकेचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा खर्च वाचतो. ही बचत हिशेबात दिसते. मात्र फुटक्या काचेने चिरलेला हात, वापरलेल्या सुईची टोच, धुळीने जडलेला खोकला यांना त्या हिशेबात रकाना नाही. अर्थशास्त्र याला सामाजिक परिव्यय म्हणते. व्यवहारात त्याचे नाव शोषण असे आहे.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरोघरी वर्गीकरण बंधनकारक केले आणि सॅनिटरी पॅडच्या उत्पादकांवर वेष्टनाची जबाबदारी टाकली. तरीही उघडे पॅड व डायपर हाताने निवडण्याची पाळी या स्त्रियांवर येतच राहिली. २०२० अखेर करार संपला तेव्हा तर हे काम खासगी कंत्राटदारांकडे सोपविण्याची भाषा ऐकू आली. धोका श्रमिकांनी पत्करावा आणि नफा भांडवलाने न्यावा, हाच तो जुना न्याय!

हातमोजे, बूट, नियमित वैद्यकीय तपासणी आणि विमा हा दानधर्म नव्हे. तो नगरआरोग्याच्या अंदाजपत्रकातील पहिला खर्च असावयास हवा. वर्गीकरण न करणाऱ्या सुखवस्तू सोसायट्यांकडून दंड वसूल झाला पाहिजे. शहर निरोगी राखणारे हात रोगाच्या हवाली करून कोणतेही शहर फार काळ निरोगी राहू शकणार नाही.