मालखान्यातले अकरा दिवस

नागपूरच्या धंतोलीत, रहाटे कॉलनीच्या बाजूला, प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पूर्व विदर्भातल्या ठाण्यांचे शिपाई आणि हवालदार खाकी पाकिटे, सीलबंद बाटल्या, कपड्यांची गाठोडी घेऊन इथे येतात. पाकिटावर गुन्ह्याचा नंबर, कलम, पंचांच्या सह्यांचे लेबल आणि दोऱ्यावर लाखेची मोहोर. प्रयोगशाळेचा अहवाल रखडला की त्याची ओरड होते, आणि ती व्हायलाच हवी. पण हे पाकीट इथे जमा होण्याआधी कुठे होते, किती दिवस होते आणि कोणाच्या ताब्यात होते, हे खटला उभा राहीपर्यंत कोणी विचारत नाही.

दिल्लीच्या छावला प्रकरणात, 2012 साली, एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. 14 आणि 16 फेब्रुवारीला घेतलेले नमुने प्रयोगशाळेकडे गेले 27 फेब्रुवारीला. तोवर ते ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. 7 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडले, त्याच्या कारणांत हे अकरा दिवसही होते. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातल्या सहा वर्षांच्या मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या खटल्यातही मे 2023 मध्ये तेच झाले. नमुने पाठवायला उशीर का झाला याचा खुलासा नाही, म्हणून डीएनएचा पुरावा टिकला नाही आणि फाशीची शिक्षा रद्द झाली. सुटलेले निर्दोष होते की दोषी, हे आता कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही. दोन्ही शक्यता सारख्याच भयंकर आहेत.

दोष एकट्या हवालदाराच्या माथी मारून चालणार नाही. ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरला चोरीची मोटारसायकल, जुगारातली रोकड, गांजाचे पोते आणि रक्ताने भिजलेला सदरा, सगळे सारखेच. एकाखाली एक अनुक्रमांक, आणि जागा मिळेल त्या खोलीत रवानगी. खरे तर त्या सदऱ्याला मोटारसायकलपेक्षा कितीतरी अधिक सांभाळावे लागते. तो आधी सावलीत वाळवावा लागतो, मग कागदात बांधावा लागतो. ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी चढते आणि डीएनए कुजतो. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद खोलीत त्याचे काय होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून पहिले काम मालखाना मोकळा करण्याचे. मोटारसायकल, दागिने, मोबाइल यांचे फोटो काढावेत, पंचनामा करावा आणि सुपूर्तनाम्यावर वस्तू मालकाला परत द्याव्यात. जप्त वाहने महिनाभरापेक्षा जास्त काळ ठाण्यात ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितले होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने मुदतही बांधून दिली आहे. माल न्यायालयापुढे आल्यापासून 14 दिवसांत त्याचे वर्णन तयार करायचे, फोटो किंवा चित्रीकरण करायचे आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. खटल्यात तो फोटोच पुरावा म्हणून चालतो. एवढे असूनही गंजलेल्या गाड्यांचे ढीग ठाण्यांच्या आवारात दिसतात. ज्याची गाडी चोरीला गेली, त्याला ती पोलिसांना सापडूनही मिळत नाही, हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

जे परत देता येत नाही, ते मात्र डोळ्यांत तेल घालून राखायला हवे. 15 जुलै 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले आहे की डीएनएचे नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, आणि नमुना घेतल्यापासून खटला निकाली निघेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, याची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती खटल्याच्या कागदांना जोडली पाहिजे. धंतोली ठाण्याला हे अवघड नाही, प्रयोगशाळा त्याच भागात आहे. भामरागडहून निघालेल्या शिपायाला मात्र तीनशेहून जास्त किलोमीटर काटायचे असतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलीस बंदोबस्ताला बोलावले जातात. त्यात मुद्देमाल सांभाळणारा हवालदारही गेला, तर 48 तास कोण मोजणार?

नागपूरचे पोलीस आयुक्त आणि विदर्भातले अधीक्षक यांनी प्रत्येक ठाण्यात मुद्देमालासाठी शिकवून तयार केलेला एक माणूस नेमावा, त्याला बंदोबस्तातून वगळावे आणि जैविक नमुन्यांसाठी कुलूपबंद शीतकपाट द्यावे. दूरच्या तालुक्यांचे नमुने आणायला जिल्हा मुख्यालयाहून ठरलेल्या वारी गाडी सुटावी. आणि प्रयोगशाळेने दर महिन्याला ठाणेवार जाहीर करावे की नमुना घेतल्याची तारीख कोणती आणि तो धंतोलीत पोहोचल्याची कोणती.